मिनीबाईक घेताना मी आधी मान बघते

जुन्या धाटणीची मिनीबाईक विकणारा माणूस इंजिनाबद्दल भरभरून बोलतो. दोरी एकदा ओढली की चालू होतं, आवाज बघा, उठाव बघा. त्याचं सगळं ऐकून घ्यावं, हो हो म्हणावं आणि आपण मात्र गुडघ्यावर बसून हँडलचा दांडा सांगाड्याला जिथे मिळतो ती मान बघावी. या छोट्या गाड्यांचं इंजिन बहुतेक वेळा चार बोल्टांवर बसलेलं असतं. एका दुपारी ते उतरवून दुसरं चढवता येतं. सांगाडा मानेपाशी तडकला किंवा पिळला गेला, तर मात्र पुढचं सगळं वेल्डिंगवाल्याच्या हातगुणावर. म्हणून मी पैसे सांगाड्याचे मोजते. इंजिन चांगलं निघालं तर ती वरकमाई.

ओळखीतली पोरं अधूनमधून फोन करतात, "ताई, व्हिंटेज मिनीबाईक मिळतेय, घेऊ का?" सोबत एकच फोटो, तोही तिरका, संध्याकाळच्या उन्हात काढलेला. मी चार फोटो मागते: डाव्या अंगाने सरळ समोरून एक, इंजिनावरच्या नंबराचा एक, टायरच्या कडेवरच्या आकड्यांचा एक आणि मानेचा अगदी जवळून एक. एवढ्यावर निम्मा निकाल लागतो, आणि हे फोटो द्यायला विकणारा टाळाटाळ करायला लागला की उरलेला निम्माही लागतो.

आधी समोर आहे काय ते ठरवायला हवं, कारण 'व्हिंटेज मिनीबाईक' या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळी जनावरं विकली जातात. एक म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातली खरीखुरी अमेरिकन नळीच्या सांगाड्याची गाडी: वाकवलेल्या नळ्या, गवत कापायच्या यंत्राच्या जातीचं इंजिन, सेंट्रिफ्यूगल क्लच (इंजिनाची गती वाढली की आपोआप धरणारा), एक चेन, आणि मागे सस्पेन्शन असलं तर नशीब. रप, टॅको, बोनान्झा ही त्यातली नावाजलेली नावं. दुसरी म्हणजे जपानी, प्रामुख्याने होंडाची, जी आकाराने लहान असली तरी आतून पूर्ण मोटरसायकल आहे: गिअर, किक, स्वतःचं खास इंजिन. तिसरी म्हणजे गेल्या काही वर्षांत बनलेली, मुद्दाम जुन्या वळणाची. कोलमनची सीटी२०० किंवा बाहाची वॉरियर ही त्यातली. १९६ सीसीचं इंजिन आणि फुगीर टायर. चौथी म्हणजे या तिघींचे अवयव जोडून कुणीतरी गॅरेजात उभी केलेली. चौथ्या जातीला मी नाक मुरडत नाही, काही तर कारखान्यातल्यापेक्षा मजबूत असतात. पण तिला पहिलीचा भाव मागितला तर मी चहासुद्धा न घेता उठते.

या गाड्यांचं मूळ बघितलं की ओळखायला सोपं जातं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी पॅराशूटने खाली टाकायला वेलबाइक नावाची घडीची गाडी केली होती, ९८ सीसीच्या व्हिलियर्स इंजिनाची. पुढे १९६१ मध्ये होंडाने टोकियोजवळच्या टामा टेक या मनोरंजन उद्यानासाठी झेड१०० ही चिमुकली गाडी बनवली. मोठी माणसं तिच्यावर बसली की गुडघे कानाशी यायचे, म्हणून 'मंकी' हे नाव चिकटलं असं सांगतात. त्याच मंकी घराण्यातली १९६७ ची झेड५०एम पाच इंची चाकांची, हँडल दुमडून मोटारीच्या डिकीत मावणारी. १९६८ च्या झेड५०ए ला आठ इंची चाकं मिळाली. १९६९ मध्ये सीटी७० आली: दहा इंची चाकं, पत्रा दाबून केलेला जाडजूड सांगाडा, ७२ सीसी. म्हणजे नुसता टायरच्या कडेवरचा शेवटचा आकडा वाचला, पाच, आठ की दहा, तरी होंडाच्या घरातली कुठली हे बरंचसं कळतं.

झेड५०ए मध्ये आणखी एक खूण आहे. सुरुवातीच्या वर्षांत मागे सस्पेन्शन नव्हतंच, चाक सरळ सांगाड्याला. १९७२ पासून मागे शॉक ॲब्सॉर्बर आले. त्यामुळे '१९६९ चं मॉडेल' म्हणून दाखवलेल्या गाडीला मागे दोन शॉक लटकत असतील, तर एक तर साल चुकीचं आहे किंवा सांगाडा. १९७९ पासूनची झेड५०आर तर दुरूनच वेगळी ओळखू येते, दिवे नाहीत आणि रूप मातीत पळणाऱ्या मोठ्या गाडीसारखं.

नंबरांबद्दल एक गैरसमज सारखा भेटतो. "सांगाड्याचा आणि इंजिनाचा नंबर जुळत नाही, म्हणजे गडबड आहे." या जुन्या होंडांमध्ये ते दोन आकडे मुळात सारखे असायलाच हवेत असं नाही. सांगाड्यावर झेड५०ए आणि पुढे आकडे, इंजिनावर झेड५०एई आणि पुढे वेगळे आकडे. सीटी७० चंही तसंच, इंजिनाला जास्तीचं 'ई'. बघायचं ते हे की उपसर्ग एकाच घरातले आहेत का, आणि ठोकलेले आकडे एका ओळीत, एका खोलीचे, कारखान्यात ठोकल्यासारखे दिसतात का. आजूबाजूचा धातू घासून चकचकीत केलेला असेल तर पुढे बघूच नका. भाव कितीही उतरवला तरी नको.

अमेरिकेत १९८१ पासूनच्या मॉडेलांना सतरा अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख-नंबर, असतो. त्याचं पहिलं अक्षर देश सांगतं: 'जे' म्हणजे जपान, 'एल' म्हणजे चीन. दहावं अक्षर मॉडेलचं साल सांगतं, 'ए' म्हणजे २०१०, 'बी' म्हणजे २०११, असं पुढे. होंडाच्या मंकीच्या हुबेहूब चिनी आवृत्त्या भरपूर निघाल्या आहेत, आणि टाकीवर होंडाचं बोधचिन्ह लावायला खर्च काहीच येत नाही. 'एल'ने सुरू होणारा नंबर आणि टाकीवर होंडाचे पंख, एवढं दिसलं की भावाची चर्चा वेगळ्या पातळीवरून सुरू करावी. जपानमध्येच विकल्या गेलेल्या गाड्यांवर मात्र सतरा अक्षरी नव्हे, छोटाच सांगाडा-नंबर असतो, त्यामुळे तो आखूड दिसला म्हणून दचकू नये.

नळीच्या अमेरिकन सांगाड्यांवर पुष्कळदा नंबरच सापडत नाही, किंवा रिव्हेट मारलेली पट्टी असायची ती कधीच निखळून गेलेली असते. तिथे इंजिन बोलतं. जुन्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीच्या इंजिनावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे ठोकलेले असतात. मॉडेलचा सुरुवातीचा आकडा घन इंचात आकारमान सांगतो: ८०२०२ मधले ८, १३०२०२ मधले १३. कोडचे पहिले दोन आकडे साल, पुढचे दोन महिना, पुढचे दोन तारीख. ७१०४१५ ने सुरू होणारा कोड म्हणजे १५ एप्रिल १९७१. टेकम्सेह कंपनीच्या इंजिनावर जरा डोकं लावावं लागतं. तिथे अनुक्रमांकाचा पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ४१०५ म्हणजे चारने संपणाऱ्या सालातला १०५ वा दिवस. ते १९६४ की १९७४ हे इंजिनाच्या मॉडेलवरून आणि बाकी गाडीवरून ठरवायचं. अर्थात हे साल इंजिनाचं. सांगाडा दहा वर्षांनी आधीचा किंवा नंतरचा असू शकतो, कारण ही इंजिनं कपड्यांसारखी बदलली गेली आहेत.

नव्या १९६ सीसीवाल्यांवर बहुधा १६८एफ किंवा त्याच्या आसपासचं काहीतरी लिहिलेलं दिसतं. १ म्हणजे एक सिलिंडर, ६८ म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. होंडाच्या जीएक्स२०० या इंजिनाचीही मापं हीच, ६८ व्यास आणि ५४ मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर), आणि ही इंजिनं त्याच साच्यावर बेतलेली. म्हणून सुटे भाग मुबलक. खरं सांगायचं तर आठवड्याच्या आठवड्याला मजेत चालवायची गाडी हवी असेल, तर मी याच जातीची घ्यायला सांगेन. खरी रप घरात आणलीत तर चालवायला मन धजत नाही आणि नुसती ठेवायला जागा पुरत नाही. (रप बनवणारे ओहायोचे मिकी रप स्वतः १९६५ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत सहावे आले होते. अशी माणसं छोट्या गाड्या बनवत होती, त्यामुळे त्यांच्या 'रोडस्टर' या गाडीला पुढे-मागे सस्पेन्शन का होतं याचं आश्चर्य वाटत नाही.)

नावावर मात्र कधीच जाऊ नका. 'डूडल बग' हे नाव आयोवात १९४० च्या दशकात बनलेल्या स्कूटरचंही आहे आणि अलीकडच्या स्वस्त मिनीबाईकचंही. जाहिरातीत दोन्हींना 'दुर्मीळ डूडल बग' म्हणतात.

आता प्रत्यक्ष गाडीपाशी. माझ्या पिशवीत टॉर्च, चिंधीत गुंडाळलेला छोटा लोहचुंबक, प्लगचा पाना, मोजपट्टी आणि एक लांब सुतळी असते. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनाला हात लावणं. गरम लागलं तर आपण यायच्या आधी चालू करून ठेवलंय. त्यात पाप नाही, पण थंड इंजिनाची खोड मग दिसत नाही. मी सरळ म्हणते, "दादा, थंड होऊ दे, तोवर बाकी बघते." बाकी बघायला तास जातोच.

एका काळ्या गाडीची मान मला अजून डोळ्यांपुढे आहे. रंग नवा, चकचकीत, वरच्या नळीवर आरशासारखा. मानेच्या खाली, जिथे नळी येऊन भिडते, तिथे मात्र रंगाचा एक जाड ओघळ होता, मेणबत्तीच्या मेणासारखा. टॉर्च बाजूने, अगदी पृष्ठभागाला लागून धरली, तेव्हा त्या ओघळाच्या मधून केसाएवढी एक रेघ सावली टाकताना दिसली. नखाने खरवडलं तर रंगाखालून तपकिरी पावडर आली. वेल्डच्या कडेला तडा गेलेला, त्यात पाणी मुरलेलं, आणि वरून रंग ओतलेला. विकणारा म्हणाला, "ताई, ते रंगाचं आहे." असेलही, पण रंगाला गंज चढत नाही. टॉर्च समोरून धरली असती तर ती रेघ दिसली नसती. प्रकाश नेहमी आडवा टाकायचा, हे एवढं लक्षात ठेवा. हाच उजेड मग इंजिन बसतं त्या पत्र्याच्या कोपऱ्यांवर, पायटेकूंच्या मुळाशी आणि मागच्या चाकाच्या आसाजवळ टाकायचा. या गाड्या उड्या मारायला वापरल्या जातात, आणि त्या उड्यांचा हिशेब या चार जागी लिहिलेला असतो.

चुंबक टाकीवर आणि नळ्यांवर फिरवायचा. एखाद्या जागी धरत नसेल तर खाली पत्रा नाही, पुटी आहे. सुतळी मागच्या चाकाच्या कडेला लावून पुढे ताणायची, दोन्ही बाजूंनी. पुढचं चाक सरळ धरल्यावर दोन्हीकडचं अंतर सारखं नसेल तर सांगाडा किंवा फोर्क पिळलाय. नुसतं मागे उभं राहून एक डोळा मिटून बघितलं तरी मोठा दोष कळतो. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, अडकतं का, आणि पुढचा ब्रेक असेल तर तो दाबून गाडी मागेपुढे ढकला. मानेत कटकट आली तर बेअरिंग गेलंय. स्वस्त गाड्यांत तिथे बेअरिंगऐवजी नुसते बुश असतात, ते बदलणं किरकोळ.

चेनकडे वरून बघा. पुढचा आणि मागचा स्प्रॉकेट (चेन बसते ती दातेरी चकती) एका रेषेत हवेत. दात एका अंगाला आकड्यासारखे वळलेले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच जाणार, हे भावात धरा. ४१ आणि ४२० या नंबरांच्या चेनचा पिच (शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर) अर्धा इंच, ३५ ची तीन अष्टमांश. त्यामुळे कुणी '३५ काढून ४२० टाकली' म्हणालं की दोन्ही स्प्रॉकेट बदललेत का हे विचारायचं.

क्लचचं घर निळसर, मोरपिशी झालेलं दिसलं तर तो घसरून घसरून भाजलाय. मागचं चाक उचलून इंजिन सावकाश गतीवर ठेवा, मिनिटाला साधारण १४०० फेऱ्यांच्या आसपास. चाक जोरात फिरायला लागलं तर एक तर गती जास्त ठेवलीय किंवा क्लचच्या स्प्रिंगा थकल्यात. क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर (दोन पुल्या आणि पट्टा) असेल तर झाकण काढून पट्टा बघा, कडा झिजून तो पुलीत खोल बसला असेल तर नवा लागेल. झाकणच नसेल तर पँटचा पाय आणि पट्टा यांची गाठ कधीतरी पडणार.

इंजिन थंड झालं की आधी तेल. घट्ट काळं चालेल, दुधाळ नको, चमकणारे कण तर नकोच. टाकीत टॉर्च टाका. आत तपकिरी खपल्या, किंवा कधीतरी ओतलेल्या लेपाचे सुटलेले तुकडे दिसले तर ते कार्बोरेटरमध्ये जाणार. पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येत असेल तर गाडी बराच काळ पडून आहे, विकणारा काहीही म्हणो.

दोरी ओढताना १९६ सीसीच्या इंजिनाला दम कमी वाटतो आणि बरेच जण 'कॉम्प्रेशन गेलंय' म्हणून परत फिरतात. या इंजिनात चालू करताना व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवणारी सोय कॅमशाफ्टवरच असते, म्हणून हात हलका लागतो. कॉम्प्रेशन मोजायच्या गेजवरही आकडा कमीच येतो. त्यावरून इंजिन बाद करू नका. गरम झाल्यावरही चोक लावूनच चालत असेल तर कार्बोरेटरचा जेट तुंबलाय, ते एका संध्याकाळचं काम. पण ते मी विकणाऱ्याला सांगत बसत नाही, भाव करताना वापरते. निळा धूर सुरुवातीला आला आणि विरला तर एक वेळ ठीक, सतत येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. गाडी आडवी पाडून वाहून आणली असेल, तर तोच धूर नुसत्या सांडलेल्या तेलाचाही असतो, म्हणून दोन मिनिटं थांबून बघा.

चालू इंजिनावर हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. आवाज चढला तर थ्रॉटलची केबल ताणली जातेय. ही गोष्ट उभ्या गाडीवर विनोदी वाटते, वळणावर नाही. थ्रॉटल सोडल्यावर आपोआप मिटायला हवा. बंद करायचं बटण चालायला हवं. ब्रेक दाबून ढकला. जुन्या काही गाड्यांत ब्रेक म्हणजे टायरवर घासणारी लोखंडी पट्टी, ती मूळचीच आहे, कुणी जुगाड केलेलं नाही. पण ओल्या टायरवर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

आणि एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारते: गव्हर्नर, म्हणजे इंजिनाची गती अडवणारी यंत्रणा, काढलाय का? कारखान्यातून ही इंजिनं मिनिटाला सुमारे ३६०० फेऱ्यांवर अडवलेली येतात. गव्हर्नर काढला की गाडी सुसाट सुटते, आणि मूळचं ओतीव फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक) आणि मूळचा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडणारा दांडा) त्या गतीसाठी बनवलेले नसतात. रॉड तुटला तर इंजिनाच्या पोटाला भोक पडतं. फ्लायव्हील फुटलं तर ते तुमच्या पायापासून वीतभर अंतरावर असतं. ज्याने नीट काम केलंय तो लगेच सांगतो, फ्लायव्हील अमुक, रॉड अमुक, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलल्या. "नाही हो, फक्त गव्हर्नर काढला, आता पळते बघा" हे उत्तर आलं की त्या इंजिनाची किंमत मी शून्य धरते आणि सांगाड्यापुरतं बोलते. विचारायचं नसेल तर बघूनही कळतं: इंजिनाच्या बाजूला येणारा छोटा दांडा आणि त्याची स्प्रिंग गायब, आणि केबल थेट कार्बोरेटरला.

रंगाबद्दल माझं मत जरा आडमुठं आहे. जुन्या गाडीचा मूळचा, उडालेला, ओरखडलेला रंग मला नव्या रंगापेक्षा प्रिय. उडालेल्या रंगाखाली काय आहे ते दिसतं. नवा रंग, नवे स्टिकर, नवं सीट सगळं विकत मिळतं. मूळची टाकी, मूळचा फोर्क, मूळची दुमडणारी हँडलं मात्र शोधत फिरावं लागतं. होंडा घेताना या तीन वस्तू जाग्यावर असतील तर इंजिन जाम असलं तरी मी घासाघीस फार ताणत नाही.

कागद घ्या. ज्या गाडीला कधी नोंदणीच नव्हती, तिच्यासाठीही सांगाड्याचा नंबर, दोघांची सही आणि तारीख असलेली पावती लिहून घ्या. दिवे-आरसे नसलेली ही गाडी रस्त्यासाठी नाही, हेही घरातल्या उत्साही मंडळींना पहिल्या दिवशीच सांगून ठेवा.

घरी आणल्यावर जुनं पेट्रोल आणि तेल काढून टाका, कडक झालेली पेट्रोलची नळी कापून फेका, ब्रेक आधी नीट करा आणि कार्बोरेटर नंतर. तेल जीएक्स२०० च्या जातीच्या इंजिनात साधारण ०.६ लिटर मावतं. गच्च भरू नका, नाहीतर निळा धूर तुमच्याच हातून निघेल. एकच सिलिंडर असल्याने या गाड्या थरथरतात आणि नट-बोल्ट सैल करत राहतात. मोकळ्या मैदानात पहिली फेरी मारून आलात की इंजिनाचे चारही बोल्ट पुन्हा आवळा. एखादा तरी फिरतोच.